खोक्यातल्या रसाची सायडर

ब्रिटनमध्ये घरी वाइन-बिअर करणाऱ्या मंडळींत ‘टर्बो सायडर’ हा प्रकार खालच्या पंगतीत बसवला जातो. सुपरमार्केटातून सफरचंदाच्या रसाची चार-पाच खोकी आणायची, मोठ्या बरणीत ओतायची, वर चमचाभर यीस्ट टाकायचं आणि वाट बघायची. ना बाग, ना फळं ठेचणं, ना घाणा. हिअरफर्डशर किंवा सॉमरसेटमधल्या जुन्या सायडरवाल्याला हे ऐकून हसू येतं, आणि ते अगदीच निराधार नाही. पण या प्रकारावर जे काही लिहिलं-बोललं गेलंय ते नजरेखालून घातलं तर एक गंमत दिसते. सगळा वाद यीस्टवर चालतो. शॅम्पेनचं घ्यावं, बिअरचं घ्यावं की पावाचं चालेल, यावर पानंच्या पानं खर्ची पडतात. माझ्या मते यीस्टला एवढा मान द्यायचं कारण नाही. खोक्यातल्या रसाची सायडर जमते किंवा फसते ती दोन जागी: दुकानात खोक्यामागची बारीक अक्षरं वाचताना आणि शेवटी बाटलीला झाकण लावताना. मधल्या दिवसांत माणसाला फारसं कामच नसतं.

आधी बारीक अक्षरं. रस पाश्चराइज्ड असला तर काही बिघडत नाही. उलट त्यातले जंतू आधीच मेलेले असतात, म्हणजे आपल्या यीस्टला रान मोकळं. क जीवनसत्त्व, म्हणजे अॅस्कॉर्बिक आम्ल (ई ३००), घातलेलं असलं तरी हरकत नाही. नडतात ते दोन पदार्थ: पोटॅशियम सॉर्बेट (ई २०२) आणि सोडियम बेंझोएट (ई २११). भारतीय वेष्टनांवर हेच आकडे ‘आयएनएस २०२’ आणि ‘आयएनएस २११’ असे छापलेले असतात. रस टिकावा म्हणून हे घालतात, आणि टिकवायचा म्हणजे मुख्यतः यीस्टपासूनच. अशा रसात यीस्टची वाढ खुंटते. आठवडाभर बरणी निपचित पडून राहते, माणूस यीस्टला दोष देतो, आणखी एक पुडी ओततो, आणि खरं कारण रद्दीत गेलेल्या खोक्यावर छापलेलं असतं.

दुसरं पाहायचं ते नाव. ब्रिटनमध्ये आणि युरोपीय संघात ‘फ्रूट ज्यूस’ या नावाने विकल्या जाणाऱ्या रसात वरून साखर घालायला कायद्याने मनाई आहे. ‘ज्यूस ड्रिंक’ मात्र वेगळी जात. भारतातही सफरचंदाचं चित्र असलेली अनेक पेयं म्हणजे पाणी, साखर आणि नावापुरता रस असतात. ती आंबवली तर साखरेच्या पाण्याची दारू होईल, सायडर नव्हे.

‘फ्रॉम कॉन्सन्ट्रेट’ हे शब्द दिसले की मात्र अनेकजण उगाच नाक मुरडतात. रस आटवून त्यातल्या विरघळलेल्या घटकांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवर नेतात, टाक्यांतून तो देशोदेशी जातो, आणि पोचल्यावर पाणी घालून पूर्ववत करतात. आटवताना सुगंध उडतो. तो वेगळा पकडून पुन्हा मिसळला तरी थोडी तूट राहतेच. थेट पिळलेल्या रसाची सायडर यापेक्षा उजवी होते, हे मान्य. पण ब्रिटनच्या करविषयक नियमांनुसार २०१० पासून सायडर म्हणवून घ्यायला निदान ३५ टक्के सफरचंदाचा रस पुरतो, आणि तोही आटवलेल्या रसापासूनचा चालतो. खोक्यांतून ओतलेल्या आपल्या बरणीत तो १०० टक्के असतो. तेव्हा ‘खरी सायडर’ कोणती यावर तावातावाने बोलणाऱ्याने हातातल्या कॅनकडे एकदा पाहावं.

मग उणीव कुठे आहे? ती आहे फळात. १९०३ मध्ये ब्रिस्टलजवळच्या लाँग अॅश्टन इथे खास सायडरच्या अभ्यासासाठी संस्था निघाली. तिथले संशोधक बार्कर यांनी सायडरच्या सफरचंदांची जी प्रतवारी केली ती आजही वापरात आहे. तिचे निकष दोनच: आम्ल ०.४५ टक्क्यांच्या वर की खाली आणि टॅनिन ०.२ टक्क्यांच्या वर की खाली. त्यातून चार गट पडतात: गोड, आंबट, कडू-गोड आणि कडू-आंबट. डॅबिनेट, यार्लिंग्टन मिल ही कडू-गोड फळं. किंग्स्टन ब्लॅक कडू-आंबट. यातलं एखादं चावून पाहावं. कच्चा आवळा किंवा अर्धवट पिकलेलं जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आक्रसते तशी आक्रसते. हे फळ खायचं नसतंच. सायडरला तोंडात जो भरीवपणा येतो तो या तुरटपणातून. दुकानातला रस खाण्याच्या सफरचंदांचा असतो. त्यात आम्ल ठीकठाक असतं, साखर पुरेशी असते, टॅनिन जवळजवळ नसतं. म्हणून त्याची सायडर स्वच्छ, हलकी आणि बरेचदा पातळ लागते.

यावर घरगुती तोड आहे ती चहाची. साडेचार लिटरच्या बरणीत कपभर कडक, बिनदुधाचा चहा घालायचा. हा सल्ला इतक्या वर्षांपासून इतक्या ठिकाणी दिलेला आहे की तो कुणाचा हे सांगता येणार नाही. उपयोग होतो, पण माफक. एका कपाने कडा थोड्या धारदार होतात. तीन कप घातले तर गार चहा प्यायल्यासारखं वाटतं. टॅनिन नसणं हा गुन्हा मात्र नव्हे. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या परगण्यांत, केंट आणि सफोक भागात, खाण्याच्या आणि स्वयंपाकाच्या सफरचंदांचीच सायडर करायची रीत आहे. सफोकमधला अॅस्पॉलचा कारखाना १७२८ पासूनचा. खोक्यातल्या रसाची तुलना करायचीच तर त्या हलक्या सायडरशी करावी, हिअरफर्डच्या काळपट-सोनेरी तुरट सायडरशी नको. फ्रान्समधल्या नॉर्मंडीची नैसर्गिक गोड सायडर तर या वाटेने साधतच नाही. तिथे रसातल्या पेक्टिनचा थर वर आणून त्याबरोबर यीस्टचं खाद्य काढून घेतात, त्यामुळे आंबणं मध्येच मंदावतं. दुकानातल्या पारदर्शक रसातलं पेक्टिन कारखान्यातच विकरं घालून मोडलेलं असतं.

आता बरणी. डेमीजॉन नावाची अरुंद गळ्याची काचेची बरणी ब्रिटनमध्ये रूढ आहे, तिच्यात एक गॅलन म्हणजे सुमारे साडेचार लिटर रस मावतो. सुरुवातीला चार लिटरच ओतावा, कारण पहिल्या दोन-तीन दिवसांत फेस वर चढतो. तो बसला की उरलेला रस घालून बरणी गळ्यापर्यंत भरावी. तोंडाला बूच आणि बुचात एअरलॉक: वळणदार नळी, तिच्यात थोडं पाणी. आतला वायू पाण्यातून बुडबुडत बाहेर पडतो, बाहेरची हवा आत येत नाही.

हा वायू किती असतो याचा अंदाज नवख्याला नसतो. साध्या सफरचंदाच्या रसात लिटरमागे सुमारे ११० ग्रॅम साखर असते. यीस्ट तिची जवळपास निम्मी वजनाने अल्कोहोलात आणि निम्मी कार्बन डायऑक्साइडमध्ये बदलतं. एका लिटर रसातून २५ ते ३० लिटर वायू निघतो. म्हणजे एका बरणीतून १०० लिटरच्या वर. झाकण घट्ट लावून ठेवलेल्या बरणीचं काय होईल ते सांगायला नको. अल्कोहोलाचा हिशेबही सोपा आहे: लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर म्हणजे एक टक्का. तेव्हा वरची साखर न घालता सहा-साडेसहा टक्क्यांची सायडर होते. पुष्कळ कृतींत पाव-अर्धा किलो साखर आणखी घालायला सांगतात. नशा वाढते, चव फाटते. रस तेवढाच, अल्कोहोल जास्त. एवढंच हाती येतं.

यीस्टबद्दल थोडक्यात. नीरेला कुणी यीस्ट घालत नाही. उन्हं चढली की ती आपोआप माडीच्या वाटेला लागते, म्हणून तर तिला गार ठेवायची धडपड. ताज्या पिळलेल्या सफरचंदाच्या रसाचंही तसंच. फळावरचं, घाण्यावरचं यीस्ट त्याला पुरतं. खोक्यातल्या रसातलं हे सगळं पाश्चरायझेशनमध्ये मेलेलं असतं, त्यामुळे बाहेरून घालावंच लागतं. पावाचं यीस्ट, बिअरचं यीस्ट आणि वाइनचं यीस्ट ही बहुतेक एकाच प्रजातीची भावंडं आहेत. पावाचं यीस्ट तळाशी घट्ट बसत नाही, जरा हललं की गाळ वर येतो. शॅम्पेनचं साखरेचा कण सोडत नाही आणि तळाला लिंपल्यासारखं बसतं. बिअरचं थोडा फळाचा वास राखतं. पाच ग्रॅमची पुडी एका बरणीला पुरून उरते. फरक आहेत, पण तापमानाने पडतो तेवढा फरक यातल्या कशानेच पडत नाही. १५ ते २० अंश सेल्सियसला सावकाश आंबलेली साध्या यीस्टची सायडर ही ३० अंशांवर धावत सुटलेल्या महागड्या यीस्टच्या सायडरपेक्षा बरी लागते. गरम जागेत यीस्ट तिखट, डोकं धरवणारे जड अल्कोहोल तयार करतं. इंग्लंडातला जिन्याखालचा गारठा या कामी यीस्टच्या दुकानदारापेक्षा उपयोगी.

पाच-सहा दिवसांनी कधीकधी कुजक्या अंड्याचा वास येतो आणि माणूस घाबरतो. सफरचंदाच्या रसात नायट्रोजन कमी, त्यातही पारदर्शक रसात फारच कमी. उपाशी यीस्ट हायड्रोजन सल्फाइड सोडतं. सुरुवातीलाच अर्धा चमचा यीस्ट न्यूट्रिएंट घातलं तर हे टळतं. तेही नसलं तर पावाचं थोडं यीस्ट पाण्यात उकळून, म्हणजे मारून, गार करून घालावं. जिवंत यीस्ट मेलेल्याचं खाद्य करतं. आलेला वासही बहुधा चार-सहा आठवड्यांत आपला आपण जातो.

स्वच्छतेवर सगळेच लिहितात, आणि ठीकच लिहितात. भांडं आधी घासून स्वच्छ, मग निर्जंतुक द्रावणाने विसळलेलं हवं. भांडं कशाचं, यावर मात्र कमी बोललं जातं. आपल्याकडे ताक किंवा चिंचेचा कोळ बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ठेवू देत नाहीत, त्यामागचं कारणच इथेही लागू आहे. अठराव्या शतकात इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात दरवर्षी सायडरच्या हंगामानंतर लोकांना भयंकर पोटशूळ उठे, काहींचे हात लुळे पडत. कुणी कच्च्या सफरचंदांना दोष देई, कुणी हवेला. १७६७ मध्ये मूळचे डेव्हनचेच असलेले डॉक्टर जॉर्ज बेकर यांनी दाखवून दिलं की घाण्यांच्या सांध्यांत आणि पिळणीच्या तळाला शिसं वापरलेलं असतं, आणि रसातलं आम्ल ते विरघळवतं. गावच्या मालाची बदनामी केली म्हणून डेव्हनकर त्यांच्यावर संतापले. पण शिसं निघालं आणि दुखणंही गेलं. सायडर काचेत, अन्नासाठीच्या प्लास्टिकमध्ये किंवा स्टेनलेस स्टीलमध्येच करावी. अनोळखी चकाकीच्या मातीच्या बरण्या आणि शोभेची पितळी पिंपं शोभेलाच बरी.

दोन-तीन आठवड्यांत बुडबुडे थांबतात. रस वरून निवळायला लागतो, तळाशी बोटभर साका बसतो. इथे हायड्रोमीटर हवा; एवढ्या एका उपकरणावर पैसे घालावेत असं मला वाटतं. सुरुवातीला रसाचं विशिष्ट गुरुत्व १.०४५ ते १.०५० असतं, साखर संपली की ते १.००० किंवा त्याच्याही किंचित खाली येतं. चार दिवसांच्या अंतराने दोनदा मोजून आकडा तोच आला तर आंबणं संपलं. बुडबुडे थांबले एवढ्यावर विसंबू नये. थंडी पडली तरी बुडबुडे थांबतात, आणि यीस्ट नुसतं झोपलेलं असतं.

पहिला घोट घेतल्यावर बहुतेकांचा चेहरा उतरतो, कारण सायडर कोरडी ठक्क असते. साखर सगळी गेलेली. मागे उरलं आम्ल आणि अल्कोहोल. बाजारातली सायडर गोड असते ती आंबवून झाल्यावर गोड करून, गाळून किंवा पाश्चराइज करून भरलेली असते म्हणून. घरी हे साधायला मला तरी एकच बिनधोक्याची रीत पटते: पेल्यात ओतल्यावर वरून थोडा ताजा रस घालणं. सॅकरीन, एरिथ्रिटॉल असे यीस्टला न पचणारे गोडवे चालतात, पण जिभेवर त्यांची सावली राहते. आणखी एक नैसर्गिक पळवाट म्हणजे चार खोक्यांतलं एक खोकं नासपतीच्या रसाचं घेणं. नासपतीत सॉर्बिटॉल असतं, यीस्ट त्याला तोंड लावत नाही, त्यामुळे पुसटसा गोडवा टिकतो.

याच गोडव्याच्या मोहात पडून जे करतात ते मात्र खरोखर धोक्याचं. आंबणं अर्ध्यावर असताना, रस अजून गोड लागतोय म्हणून, तो बाटल्यांत भरून झाकणं लावतात. फसफसणारी सायडर हवी तर पूर्ण आंबलेल्या सायडरमध्ये लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर घालून बाटली बंद करायची असते. अर्ध्या लिटरच्या बाटलीला तीन ग्रॅम, सपाट चमचाही भरत नाही. विशिष्ट गुरुत्व १.०१० असताना बाटली भरली तर तिच्यात लिटरमागे सुमारे २५ ग्रॅम साखर शिल्लक असते, म्हणजे हव्या त्याच्या चौपट. शॅम्पेनच्या जाड बाटलीला पाच-सहा बारचा दाब सोसायची सवय असते. इथे त्याहून जास्त दाब तयार होऊ शकतो. वाइनची किंवा रसाची साधी काच तर दाबासाठी बनवलेलीच नसते. ती फुटते तेव्हा तडकत नाही, उडते.

म्हणून नवख्याने सोडा-कोल्ड्रिंकच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्याच वापराव्यात. त्या दाबासाठी बनवलेल्या असतात आणि दाब किती झाला ते सांगतातही. भरल्या दिवशी बाटली बोटांनी दाबली की आत जाते. आठ-दहा दिवसांनी दगडासारखी कडक होते. कडक झाली की फ्रिजमध्ये. फारच फुगलेली दिसली तर झाकण किंचित सैल करायचं, सूं करून वायू गेला की पुन्हा आवळायचं. काचेच्या बाटलीत ही सोय नाही.

बाटलीत साखर घालून फेस आणायची युक्ती सायडरवाल्यांनी शॅम्पेनच्या नावाचा गाजावाजा होण्याआधी वापरली होती, हे सहसा सांगितलं जात नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये लाकडाऐवजी दगडी कोळशाच्या भट्ट्यांवर काच होऊ लागली आणि ती पूर्वीपेक्षा कितीतरी मजबूत निघाली. १६६२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे जॉन बील यांनी सायडरच्या बाटलीत अक्रोडाएवढी साखर घालण्याच्या रीतीची माहिती दिली, आणि त्याच महिन्यात ख्रिस्तोफर मेरेट यांनी वाइनमध्ये साखर घालून ती फसफसती करण्याबद्दल निबंध वाचला. जॉन एव्हलिन यांनी १६६४ मध्ये सायडरवरचे असे लेख ‘पोमोना’ या नावाने एकत्र छापले. बाटलीच्या आकाराबद्दल त्यात काही ठरलेलं नसल्याने अक्रोडाएवढ्या साखरेने किती बाटल्या फुटल्या असतील कुणास ठाऊक.

आपल्याकडे घरच्या दारूचा विषय निघाला की पहिला प्रश्न मिथेनॉलचा येतो, आणि तो येणं स्वाभाविक आहे. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने १०० हून अधिक माणसं गेली. पण त्या मृत्यूंमागे कारखानी वापराचं मिथेनॉल होतं, फळाचा रस नव्हता. फळातल्या पेक्टिनमधून आंबताना अगदी थोडं मिथेनॉल सुटतं; साध्या रसातही ते लेशमात्र असतंच. नुसत्या आंबवलेल्या सायडरमध्ये त्याचं प्रमाण घातक होत नाही. ऊर्ध्वपातन, म्हणजे भट्टी लावून दारू गाळणं, हा वेगळा प्रकार. ब्रिटनमध्येही तो परवान्याशिवाय बेकायदा आहे.

आंबवण्याचा कायदा देशोदेशी निराळा. ब्रिटनमध्ये घरच्यापुरती सायडर करायला परवाना किंवा कर लागत नाही. अमेरिकेत सायडर वाइनच्या नियमात बसते आणि ज्या घरात दोन प्रौढ आहेत तिथे वर्षाला २०० गॅलनपर्यंत, एकच असेल तर १०० गॅलनपर्यंत केंद्राची करमाफी आहे. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू आहे आणि त्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा ठरतो. घरापुरती, स्वतःपुरती, विकत नाही, ही सबब तिथे चालत नाही. तेव्हा लेस्टरला किंवा न्यू जर्सीला राहणाऱ्या भाच्याने सांगितलेली कृती पुण्याच्या स्वयंपाकघरात तशीच उतरवू नये.

राहता राहिली बिघडलेली बरणी. एअरलॉकमधलं पाणी आटलं, बूच सैल राहिलं, बरणी अर्धीच भरलेली ठेवली, की हवा आत शिरते आणि अॅसिटिक जिवाणू अल्कोहोलचं आम्ल करायला लागतात. चिलटं घोंघावू लागली की ओळखावं. आपल्याकडे सायडर माहीत नसलेल्या घरांतही ‘अॅपल सायडर व्हिनेगर’ची बाटली असते, ती याच दुसऱ्या पायरीची. हवा मुद्दाम लागू दिली, तोंडाला फडकं बांधून बरणी दोन-तीन महिने ठेवली, तर वापरण्याजोगं व्हिनेगर होतं. कोशिंबिरीत ते छान लागतं. लोणचं टिकवायला मात्र वापरू नये, कारण त्यातलं आम्ल किती टक्के झालंय हे चवीवरून कळत नाही, आणि टिकाऊपणा त्या टक्क्यावरच अवलंबून असतो.